मिरजेला कुठं आलाय समुद्र?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयात मुलांसाठी मालवणच्या प्रवाळांवर तासभर बोललो. मुलं रमली. मागच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेले एक गृहस्थ मात्र रमले नाहीत. मालगावकडचे द्राक्षबागायतदार, माझ्या चांगल्या ओळखीचे. पोरं पांगल्यावर पेपरची घडी घालत म्हणाले, "सर, काय बोलायलाय हे पोरांपुढं? मिरजेला कुठं आलाय समुद्र? आधी कृष्णा बघा की. हितं मेलेलं मासं काठाला लागत्यात, ते सोडून तुम्ही मालवणातलं दगड वाचवायलाय!"

मी तिथे गप्प बसलो. त्यांच्या म्हणण्यात निम्मं खरं होतं, आणि निम्म्या खऱ्याला घाईनं उत्तर दिलं की आपणच तोंडघशी पडतो. आपल्याकडे वादाची जुनी शिस्त आहे: आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही समोरच्यानं मांडला असता त्याहून बळकट करून, आणि मग त्याला हात घालायचा. तसंच करतो.

तर पूर्वपक्ष असा. मिरज समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर. रत्नागिरी गाठायची तर कोल्हापूर, आंबा घाट करत निम्मा दिवस जातो. कृष्णा महाबळेश्वरी उगवते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटर. पण ही बाई समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात उतरते. ज्या गावाच्या नदीनंच कोकणाशी बोलणं टाकलंय, त्या गावानं मालवणची काळजी का करावी? आणि नदीची अवस्था काय, तर मार्च २०२३ मध्ये सांगली-अंकलीच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला होता. घरचं मढं झाकून शेजारच्या घरी सांत्वनाला जाण्यातला हा प्रकार. प्रवाळ ही किनाऱ्यावरच्या लोकांची, नाहीतर टीव्हीवर निळं पाणी बघणाऱ्यांची हौस.

याला उत्तर देण्याआधी माझ्याच बाजूचा एक खोटा युक्तिवाद निकालात काढतो, कारण त्यानं आमचं नुकसान विरोधकांपेक्षा जास्त केलंय. पर्यावरणाच्या व्याख्यानांत हमखास सांगतात की तुम्ही कृष्णाघाटावर टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी वाहत वाहत जाऊन प्रवाळाचा गळा घोटते. साफ चूक. ती पिशवी आधी राजापूर बंधाऱ्याला अडकेल. तिथून सुटलीच तर पुढे अलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचं प्रकाशम धरण आहे. एवढं सगळं ओलांडून ती हंसलदीवीला पोचली तरी तिथे प्रवाळ नाहीतच. कृष्णा-गोदावरी तिथे इतका गाळ आणि इतकं गोडं पाणी ओततात, की प्रवाळाला लागणारा उजेड आणि खारेपणा दोन्ही मिळत नाहीत. कोयनेचं थोडं पाणी तेवढं वीज करून डोंगरापलीकडे वाशिष्ठीत पडतं आणि दाभोळच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळतं. पण त्यावर वाद उभा करणं म्हणजे ओढूनताणून नातं लावणं झालं. पिशवी नदीत टाकू नये, हे खरंच. कारण मात्र प्रवाळ नव्हे.

मग नातं कुठून? नदीतून नाही, आभाळातून.

त्या बागायतदारांना मी २०१९ साल आठवायला सांगेन. ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, मिरजेचा कृष्णाघाट बुडाला. पुराचं नाव काढलं की आपण अलमट्टीकडे बोट दाखवतो. तो वाद आत्ता बाजूला ठेवू. मी बोलतोय ते त्याच वर्षीच्या दिवाळीबद्दल. ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात 'क्यार' नावाचं महाचक्रीवादळ उठलं. २००७ च्या 'गोनू'नंतर एवढं मोठं वादळ या समुद्रानं पाहिलं नव्हतं. ते निवळतं न निवळतं तोच त्याच्या पाठीवर 'महा' आलं. दोन्ही वादळं किनाऱ्यापासून लांबच राहिली, पण पाऊस तासगाव-मिरजेच्या बागांवर दिवसेंदिवस पडत राहिला. फळछाटणी होऊन माल फुलोऱ्यात आलेला. घडात पाणी साचलेलं, पानाच्या मागे दावण्याची पांढरी बुरशी, आणि माणसं रात्री बॅटरीच्या उजेडात वेलींच्या ओळीतून एकेक घड हलवून पाणी झटकतायत. सकाळी औषध मारावं, दुपारच्या सरीनं ते धुऊन न्यावं, संध्याकाळी पुन्हा पंप पाठीवर. आठवड्यानं घड हातात घेतला की मणी गळून तळहातावर. मी हे त्यांच्याच बागेत बांधावर उभं राहून पाहिलंय. पंचनाम्याला आलेला माणूस चपलेला लागलेला चिखल खरवडत होता आणि हे गृहस्थ काही न बोलता कुजका घड त्याच्यापुढे धरून उभे होते.

त्या घडाला समुद्रानंच हात लावला होता. 'मिरजेला कुठं आलाय समुद्र' याचं उत्तर त्या दिवशी त्यांच्या मुठीत होतं.

आणि हे एका सालाचं दुर्दैव नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला: १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी त्याआधी, २०१७ मध्ये, दाखवलं होतं की १९५० पासून मध्य भारतातल्या सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यांना लागणारी जादा ओल अरबी समुद्राकडून येते. सांगली त्या पट्ट्याच्या थोडी दक्षिणेला पडते, हे मान्य; पण समुद्र तोच. तापलेला समुद्र जास्त वाफ सोडतो, वादळाला जास्त खाऊ घालतो.

आता प्रवाळाकडे या. प्रवाळ दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ज्वारीच्या दाण्याएवढी, कुठे त्याहून बारीक, कुठे मोठी तोंडं असलेले प्राणी हजारोंनी एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या बुडाखाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल पोटभाडेकरू म्हणून राहतं. उजेडावर अन्न शिजवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो, पांढराफटक पडतो आणि उपाशी बसतो. ताप लवकर उतरला तर शैवाल परत येतं. नाही उतरला तर प्रवाळ मरतो. याला विरंजन म्हणतात. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये त्याचे मोठे फटके बसले, २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा बसला. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभर चौथं जागतिक विरंजन चालू असल्याचं जाहीर केलं.

म्हणजे जी उष्णता प्रवाळाला पांढरा करते, तीच द्राक्षाचा घड कुजवते. प्रवाळ जागचा हलू शकत नाही, म्हणून त्याच्यावर ती आधी दिसते, एवढाच फरक.

इथे चाणाक्ष वाचक मला अडवेल, आणि अडवावंच. प्रवाळ वाचवले म्हणून वादळ थांबणार आहे का? नाही थांबणार. समुद्राचा ताप मालवणच्या वन खात्याच्या हातात नाही, मिरजेच्या तर नाहीच नाही. पण मिरज डॉक्टरांचं गाव आहे. इथे रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या काळापासून, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं, लांबलांबून माणसं इथे बरी व्हायला येतात. इथल्या कुठल्याही नर्सला विचारा, ताप आपल्या हातात नसला तरी तापलेल्या रुग्णाला उपाशी ठेवून, घाण पाणी पाजून, वर त्याच्या छातीवर कुणी बसतं का? प्रवाळावर नांगर टाकणं, बांधकामाची माती सोडणं, सांडपाणी सोडणं, तळ खरवडणारी जाळी ओढणं हे सगळं त्या छातीवर बसणं आहे. ते थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि तेवढं केलं तर ताप उतरल्यावर उठून बसण्याची ताकद त्याच्यात उरते.

दुसरा आक्षेप आकाराचा. ऑस्ट्रेलियाची ती दोन हजार किलोमीटरांहून लांब प्रवाळभिंत कुठे आणि मालवणचे चार ठोकळे कुठे! चार ठोकळे खरेच. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सारं २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, तेव्हा त्या बेटाभोवती पसरलेले आडवेतिडवे खडक हीच निम्मी तटबंदी होती. परक्या जहाजाला ते लागायचे, आपल्या तांडेलांना वाटा पाठ. तिथल्या प्रवाळांचं मोठेपण लांबीरुंदीत नाहीच. पावसाळ्याचे चार महिने गढूळ, गोडसर पाणी सोसून ते टिकून आहेत; लाडावलेल्या निळ्या पाण्यातले नव्हेत, आपल्या माणदेशी मेंढरांसारखे काटक. अशांकडूनच शिकण्यासारखं जास्त असतं. आणि आकारच हवा असेल तर विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडीत पठार लांबीला ४० किलोमीटरच्या आसपास, माथ्यावर पाणी वीसेक मीटर, आणि त्यावर प्रवाळांचं रान. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे उतरून पाहणी केली. आरमाराच्या सरखेलाचं नाव लागलेला एवढा मोठा मुलूख समुद्रात आहे, हे आपल्या किती शाळांत सांगितलं जातं? किल्ल्यांच्या नावानं छाती फुगवणाऱ्यांनी तरी त्यांच्या पायथ्याशी काय जगतं ते बघावं.

तिसरा आक्षेप नवा आणि सरकारी आहे: अडचण होत असेल तर उचलून दुसरीकडे लावू. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या. बहुतेक जगल्याचं सांगतात, आनंद आहे. पण त्या प्रवाळाच्या सांदीत राहणारे खेकडे, शिंपले, माशांची पिल्लं यांना कुणी पाट्या लावून नव्या पत्त्यावर नेलं नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा, माणसं हलवली म्हणजे गाव हलतं का. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे मी समजावून सांगायची गरज नसावी.

आता खरा आक्षेप. यात माझीही बाजू लंगडी आहे, म्हणून इथे जरा थांबतो. संरक्षण म्हटलं की मच्छीमाराच्या पोटावर पाय येतो, असं म्हणतात. मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला पहिल्यापासून विरोध केला, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ज्यांच्या दारातलं पाणी, त्यांना विश्वासात न घेता नकाशावर रेघ मारली की विरोधच होणार. वाघाचं जंगल राखायचे नियम जसेच्या तसे पाण्याला लावले, तर होडी वल्हवणारा माणूस रातोरात गुन्हेगार ठरण्याची भीती. ही चूक कबूल केल्याशिवाय पुढचं बोलण्याचा अधिकार निसर्गप्रेमींना नाही.

पण 'मच्छीमार विरुद्ध निसर्ग' ही मांडणी मात्र लबाड आहे. सिंधुदुर्गात गेली कित्येक वर्षं भांडण पेटलंय ते रापणवाले आणि गिलनेटवाले पारंपरिक मच्छीमार एका बाजूला आणि पर्ससीन, एलईडीवाले दुसऱ्या बाजूला असं. रापण म्हणजे अख्खा वाडा किनाऱ्यावर उभा राहून दोर ओढतो. जेवढं जाळ्यात येईल त्याच्या वाटण्या होतात, म्हातारीलासुद्धा वाटा मिळतो. पर्ससीन म्हणजे अख्खा थवाच पिशवीत आवळून घेणं. रात्री झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणं हे तर त्याच्याही पुढचं. राज्यानं २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, एलईडी मासेमारीवर बंदी आहे, १९८१ चा मासेमारी कायदा २०२१ मध्ये कडक केला. हे सगळं कुणाच्या रेट्यानं झालं? पारंपरिक मच्छीमारांच्याच. उपोषणं, मोर्चे त्यांनीच काढले. समुद्राचा पहिला राखणदार तोच आहे. त्याच्या आडून बोलणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी होडीत बसलेला असतो.

आणि त्याला विश्वासात घेतलं की काय होतं, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला दिसलं. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी घरटी उकरली जात, ती आता त्याच गावची माणसं राखतात, आणि कासवाची पिल्लं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना घरात जेवायला वाढतात. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजनाही राज्यानं आणली. अशा वेळी नुसता उपदेश करून भागत नाही, फाटलेल्या जाळ्याचे पैसे द्यावे लागतात.

पोवळ्याबद्दल थोडंच बोलतो, कारण मंगळावर माझा राग नाही. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. ते उचलणं, विकणं गुन्हा. अंगठीतलं लाल पोवळं मात्र लांबून, भूमध्य समुद्राकडून वगैरे येतं. त्याची फांदी वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही. 'नखाएवढ्या खड्यानं काय होतंय?' असं विचारतात. नखाएवढा खडा व्हायला काही दशकं लागतात, आणि बोटं पुष्कळ आहेत.

'पण परंपरा आहे' असं म्हणणाऱ्याला मी मिरजेच्याच सतारमेकर गल्लीत नेईन. तंबोऱ्याची घोडी पूर्वी सांबरशिंगाची, नक्षी हस्तिदंताची. कायदा आला, दोन्ही बंद झालं. कारागिरांनी उंटाचं हाड घासून पाहिलं, शिसव पाहिलं, सेल्युलॉइड कापून नक्षी केली. जव्हारी काढणारा हात तोच राहिला. घोडीच्या माथ्यावर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा एक हलकी कानस, मग तारेखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची, हे आजही तसंच चालतं. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते हस्तिदंताशिवाय. सतारमेकरांचं घराणंच मुळात शिकलगारांचं. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी भोपळा हातात घेतला. परंपरा बदललं की मरते म्हणणाऱ्यांनी तो तंबोरा एकदा कानाशी लावून पाहावा.

बोट दुसऱ्यांकडे दाखवतोय तर स्वतःचंही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मिरजेचे बारा जण तारकर्लीला गेलो. होडीवाल्यानं तोंडाला नळी लावून पाण्यात उतरवलं आणि हातात पावाचा तुकडा दिला. मासे झुंबडीनं आले, फोटो झकास आला. दम लागला तेव्हा मी पायाखाली जे टणक लागलं त्यावर उभा राहिलो. खाली पाहिलं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी, तपकिरी हिरवट, आणि माझ्या टाचेखाली एक पांढरा ओरखडा. तो ओरखडा भरून यायला किती वर्षं लागतील, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारावंसंही वाटलं नाही. पावावर वाढलेला मासा प्रवाळावरचं शेवाळ खरवडायचं सोडतो, शेवाळ माजतं, प्रवाळ गुदमरतो. हे पुढे कळलं. त्या होडीवाल्याला मी दोष देत नाही. पाव त्यानं दिला, कारण बारा पर्यटक तो मागत होते.

राहता राहिलं 'आधी कृष्णा'. अहो, जरूर! पण कृष्णेत मळी सोडणाऱ्याला जाब विचारणारं प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कोकणातल्या खाडीचं पाणी तपासणारं मंडळ एकच आहे, १९७४ चा कायदाही एकच. एकाला जागं केलं की दोघांचं काम होतं. कृष्णेसाठी खरोखर झगडणारी जी चार माणसं मला ठाऊक आहेत, त्यांच्यापैकी एकानंही मला आजवर 'आधी हे, मग ते' असं ऐकवलेलं नाही. ते ऐकवतात ते कृष्णेच्या सभेलाही न येणारे. माझे बागायतदार मित्र येतात, म्हणून एवढं लांबण लावलं.

त्यांना आणि तुम्हाला एकच काम सांगतो. पापलेट हा २०२३ पासून आपला राज्यमासा आहे. त्याच साली राज्यानं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. आपल्या बाजारात बर्फावर असली पिल्लं वाट्यानं विकायला असतात, आणि गिऱ्हाईक आपणच असतो. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. बाजारात जाताना ती खिशात घाला.